लकव्याच्या माणसाची घरची सेवा आणि हातातला मोबाईल



लकवा झालेला माणूस दवाखान्यातून सुट्टी होऊन घरी येतो, तेव्हा त्याच्यासोबत चार गोष्टी येतात. गोळ्यांची पिशवी, सुट्टीचा कागद, डोक्याच्या सी. टी. स्कॅनची मोठी फिल्म आणि 'घरी व्यायाम करून घेत जा' हे डॉक्टरांचे एक वाक्य. पहिल्या तिन्ही वस्तू आपण आलमारीत नीट ठेवतो. चौथीचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. व्यायाम कोणता, दिवसातून किती वेळा? हात वर करताना माणूस ओरडला तर थांबायचे की रेटायचे? पाणी पाजताना ठसका लागतो, तर पाजायचे की नाही? ही सारी उत्तरे घरातल्या बाईने आपल्या मनाने काढायची, असा आपल्याकडचा रिवाज आहे.

आता ह्यातली बरीचशी उत्तरे मोबाईलवर मिळतात. मोठी रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, फिजिओथेरपीचे शिक्षक, वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ ह्यांनी रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, खुर्चीत कसे बसवावे, घास कसा भरवावा, ह्यांच्या छोट्या चित्रफिती करून फुकट पाहायला ठेवल्या आहेत. मराठीत आहेत, हिंदीत तर पुष्कळच आहेत. पण त्यांच्याच शेजारी आठ दिवसांत लकवा पळवणारे तेलही दुकान मांडून बसले आहे. ऊस नोंदीच्या वेळी पवनी भागातल्या एका सभासदाने विचारले ते नेमके हेच. "बावा, यूट्यूबवर त लय व्हिडिओ हायेत. खरा कोन्ता समजाचा?" त्याचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

आधी रोग थोडक्यात समजून घेऊ. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की तिच्यावर पोसलेला मेंदूचा भाग मरू लागतो. ठिबकची नळी गाळाने चोंदली तर पुढची रोपे सुकतात. नळी फुटली तर एकीकडे चिखल आणि पुढे कोरडे. तसाच हा प्रकार. शंभरातले ऐंशीच्या आसपास झटके गुठळीचे, उरलेले रक्तस्रावाचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक स्कॅनमध्येच कळतो. म्हणून स्कॅन होण्याआधी घरी कोणी रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये. रक्तस्राव असला तर ती घात करील. पक्षाघात, अर्धांगवायू, पॅरालिसिस, स्ट्रोक ही सारी ह्याच झटक्याची नावे समजा.

'लकवा' ह्या शब्दाची मात्र एक गोम आहे. आपल्याकडे नुसते तोंड वाकडे झाले तरी लकवाच म्हणतात. पण तोंडाच्या एका बाजूच्या नसेला सूज येऊन होणारा विकार निराळा. त्याला डॉक्टर 'बेल्स पाल्सी' म्हणतात, आणि त्यातले बहुतेक रोगी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारतात. दुसरे असे, की काही वेळा मेंदूचा झटका येतो आणि अर्ध्या-एक तासात आपोआप ओसरतो. ती पुढच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते. ह्या दोन्ही वेळी कोणी झाडपाला दिला असेल, कोणी कबुतराचे रक्त चोळले असेल, तर श्रेय त्यालाच जाते. गावोगावचे लकव्याचे नामांकित वैद्य असेच नामांकित झाले आहेत, असे माझे मत आहे. मोबाईलवरच्या 'मी बरा झालो' छाप चित्रफितींचेही तेच. तो माणूस खोटे बोलतो असे नाही. त्याला झाले काय होते, हे मात्र त्यालाही ठाऊक नसते.

हा रोग शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा, ही समजूतही सोडा. आपल्या पवनीच्या घाटावरून पुढे गेलेली वैनगंगा ज्या गडचिरोली जिल्ह्यात जाते, तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेतील डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची चौकशी केली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. साधारण सातातला एक मृत्यू लकव्याने झालेला निघाला. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके लोक गेले नव्हते. आणि लकव्याने गेलेल्या दर शंभरांपैकी सत्याऐंशी जण घरीच गेले. धान लावणारी, मोहफुले वेचणारी ही माणसे. आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो किती?

एक गोष्ट मोबाईलवर शोधत बसायची नाही, ती इथेच सांगून टाकतो. तोंड एका बाजूला ओढले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा भलतेच येऊ लागले, अचानक एका डोळ्याने दिसेनासे झाले किंवा तोल गेला, की १०८ ला फोन लावायचा. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर दर तासाला उतारा घटतो, हे तुम्हाला सांगायला नको. मेंदूचे गणित त्याहून कडक आहे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. हे साडेचार तास तुम्हाला झटका दिसला तेव्हापासून धरत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कोणी व केव्हा पाहिला, तिथून धरतात. पवनीहून भिवापूर, उमरेड करत नागपूर ऐंशी-नव्वद किलोमीटर पडते, शिवाय मध्ये स्कॅन व्हायचा. तेव्हा सकाळपर्यंत वाट पाहू, आधी मामांना विचारू, ह्यात वेळ घालवू नका. फोन लावतानाच विचारा, स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे होते. वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. तिथे पहिला प्रश्न तोच येतो.

आता मूळ विषयाकडे. सेवा करणाऱ्याला शिकवावे लागते, हा विचार आपल्याकडे नवा आहे. सासऱ्याची सेवा सुनेला उपजतच येते असे आपण धरून चालतो. स्कॉटलंडमध्ये 'चेस्ट हार्ट अँड स्ट्रोक स्कॉटलंड' ह्या संस्थेने एडिंबरा विद्यापीठाला बरोबर घेऊन इंटरनेटवर दोन निरनिराळे धडे तयार केले. एक रुग्णासाठी, आणि दुसरा खास सेवा करणाऱ्यासाठी. हा दुसरा वेगळा काढला, ह्यातच त्यांची समज दिसते. खाटेवरच्या माणसाचे प्रश्न एक, खाटेशेजारी उभे राहणाऱ्याचे प्रश्न दुसरे.

आपल्या देशातही प्रयत्न झाले आहेत. २०१५ च्या सुमारास चेन्नईत 'केअर फॉर स्ट्रोक' नावाचा कार्यक्रम स्मार्टफोनवर चालेल असा तयार केला गेला. रोगाची माहिती, घरचे व्यायाम, अंघोळ-कपडे-जेवण अशी रोजची कामे, सारे त्यात चित्रफितींसह होते. लोकांच्या घरी तो पाहिला गेला तेव्हा पहिल्या अडचणी कोणत्या निघाल्या? नेट अडकते, चित्रफीत थांबत थांबत चालते, चित्र स्पष्ट दिसत नाही. चेन्नईसारख्या शहरात ही गत, तर गोसीखुर्दच्या कालव्याकडेला असलेल्या आपल्या शेतघरात काय होईल? म्हणून जिथे नेट चांगले येते तिथे, पवनीच्या बाजाराला गेलात की, कामाच्या चार-पाच चित्रफिती फोनमध्ये उतरवून घ्याव्यात. घरी मग नेटची गरज नाही.

ह्यानंतरचे दोन मोठे प्रयोग मुद्दाम सांगतो, कारण ते मोबाईलचे गुणगान करणाऱ्यांना अडचणीचे आहेत. पहिला 'अटेंड' नावाचा, २०१७ साली प्रसिद्ध झाला. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी देशातल्या १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरच्या माणसाला दवाखान्यातच व्यायामाचे प्रशिक्षण दिले, घरी जाऊनही शिकवले. उरलेल्यांना नेहमीसारखी सुट्टी दिली. सहा महिन्यांनी मोजले तर दोन्हीकडे आकडा सारखाच. शंभरातले ४७ जण एक तर दगावलेले, नाही तर दुसऱ्यावर अवलंबून असलेले. दुसरा प्रयोग 'स्प्रिंट इंडिया'. ३१ केंद्रे, ४२९८ रुग्ण, बारा भाषांत फोनवर संदेश, चित्रफिती आणि सोबत एक वही. हेतू असा, की पुन्हा झटका येऊ नये. २०२३ साली निकाल आला. वर्षभरात पुन्हा येणारे झटके त्याने कमी झाले नाहीत. मात्र गोळ्या नियमित घेणे आणि दारू सोडणे ह्या बाबतींत शिकवलेल्यांचे पाऊल पुढे होते.

हे वाचून मला प्रथम वाईट वाटले. मग वाटले, ह्यात खोटी आशा गेली हे बरेच झाले. घरच्यांना चार दिवस शिकवले म्हणजे फिजिओथेरपिस्टचे काम झाले, असे होत नाही. फोनवर पाहिले म्हणून मेलेला मेंदू जिवंत होत नाही. मग चित्रफिती पाहायच्या कशाला? तर जे नुकसान रोगाने केले नाही आणि आपल्या हातून होते, ते टाळायला. माझ्या मते घरच्या शिक्षणाचा खरा उपयोग इथेच आहे.

पहिले नुकसान घशाचे. लकव्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. आपण काय करतो? माणूस आडवाच असतो, मान उशीवर, आणि माय चमच्याने पाणी किंवा दूध ओतते. ते अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरते. दोन-चार दिवसांनी ताप येतो, छाती भरते, निमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, कारण घशाची जाणीवच गेलेली असते. लोक म्हणतात, लकव्याने गेला. म्हणून डॉक्टरांनी गिळणे तपासून हो म्हणेपर्यंत तोंडावाटे काही द्यायचे नाही. त्यानंतरही ताठ बसवून, मान मागे न टाकता, लहान चमच्याने, एक घास पुरता गिळल्यावर दुसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे. पाण्यासारखे पातळ पदार्थ लवकर घसरतात, म्हणून पुष्कळांना दाटसर द्यावे लागते. आपली घट्ट पेज, मऊ भात-वरण इथे कामाचे. किती दाट, हे मात्र तपासणारा सांगेल. जेवणानंतर लुळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहिला आहे का ते पाहावे आणि तोंड स्वच्छ करावे. ही सारी क्रिया लिहून वाचण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी पाहिली तर लवकर समजते. म्हणूनच शोधताना पहिली चित्रफीत 'लकवा रुग्णाला जेवण कसे द्यावे' ही शोधा. व्यायामाची नंतर.

दुसरे नुकसान खांद्याचे. लुळ्या हाताचे वजन सांध्याला पेलत नाही, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. अशा माणसाला खाटेवरून उठवताना आपण नेमका तोच हात धरून ओढतो, किंवा दोघे जण दोन बगलांत हात घालून उचलतात. खांदा निखळू पाहतो, मग दुखतो, आणि दुखरा खांदा पुढे महिनोन्‌महिने व्यायाम करू देत नाही. उठवायचे तर कमरेला दुपट्टा पक्का बांधून त्याला धरावे, रुग्णाचे पाय जमिनीवर टेकलेले असावेत, आणि आपण गुडघ्यात वाकावे. हे न केल्याने खांदा त्याचा जातो आणि कंबर सुनेची. बसलेला असताना लुळा हात लोंबू न देता उशीवर ठेवावा. मालिश हळू हाताने करायला हरकत नाही, पण नसा मोकळ्या करायच्या म्हणून जोर लावून हात पिळणारा पहिलवान घरात घेऊ नका.

पाठीच्या जखमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या आहेत, म्हणून थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदलावी, अंथरूण कोरडे व सुरकुत्यांशिवाय असावे. माकडहाड, कुल्हे आणि टाचा रोज पाहाव्यात. तांबडा डाग बोटाने दाबून पांढरा पडत नसेल तर त्या अंगावर पुन्हा झोपवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

व्यायामाबद्दल एकच सांगतो. हात नुसता वर-खाली हलवण्यापेक्षा कामाचा व्यायाम मेंदूला अधिक शिकवतो. जमेल तसा गडवा धरणे, शेंगा फोडणे, तांदळातला खडा वेचणे, दाराची कडी लावणे. थोडा वेळ, पण दिवसातून पुष्कळदा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने दिसते, पुढे सावकाश होते, पण थांबते असे नाही. खोडव्याकडे दुर्लक्ष केले तर तो निम्म्यावर येतो आणि खत-पाणी दिले तर लागणीच्या जवळ जातो, हे तुम्ही जाणता. सहा महिने झाले, आता काय व्हायचे ते झाले, असे म्हणून व्यायाम बंद करणारी घरे मला फार दिसतात.

आता ज्या बाबतीत घराघरांत सर्वांत मोठा गैरसमज असतो तिकडे येतो. उजवे अंग गेलेल्या पुष्कळ रुग्णांची वाचाही जाते, कारण बहुतेकांच्या मेंदूत वाचेचे ठिकाण डाव्या बाजूला असते, आणि डावा मेंदू उजवे अंग चालवतो. अशा माणसाला शब्द सापडत नाहीत. पाणी मागायचे असते आणि तोंडून 'बैल' निघतो. काहींना एकच शब्द उरतो, तोच ते पुन्हा पुन्हा बोलतात. जन्मात कोणाला अरे-तुरे न बोललेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून शिवी येते, कारण शिव्या, देवाचे नाव, मोजणी, पाठ असलेले भजन, हे मेंदू निराळ्या वाटेने काढतो. घरचे समजतात, बुढ्याचे डोके फिरले. मग त्याच्यादेखत त्याच्याच आजाराच्या, खर्चाच्या, वाटणीच्या गोष्टी सुरू होतात. त्याला बोलता येत नसले तरी त्यातले बरेचसे समजत असू शकते, हे कोणाच्या मनात येत नाही.

अशा माणसाशी बोलताना एका वेळी एकच प्रश्न, लहान वाक्य, आणि उत्तराला वेळ. 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल, मान हलवता येईल, असे विचारावे. टी. व्ही. बंद करावा. वस्तू दाखवून विचारावे. जो बोलू शकत नाही तो कधी कधी भजनाची ओळ गाऊन जातो, हे ऐकून घरातले रडतात. त्याचा उपयोग करून बोलणे शिकवण्याच्या पद्धतीही आहेत. वाचा-उपचाराच्या चित्रफिती शोधताना 'अफेझिया' हा शब्द मराठी अक्षरांत टाकला तरी सापडतात. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ आपल्या तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत, तेव्हा ही फोनची सोय खरोखरच मोलाची आहे.

डावे अंग गेलेल्याचे दुखणे आणखी वेगळे. कित्येकांना डावी बाजू अस्तित्वात आहे हेच जाणवत नाही. ताटातला उजवीकडचा भात खातो, डावीकडचा तसाच. दाढी अर्धीच करतो. सून म्हणते, मामाजी नखरे करतात. ताट फिरवून द्या, उरलेला भातही तो खाईल. ही एक गोष्ट कळल्याने किती घरांतली भांडणे मिटतील!

आता त्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर. खरी चित्रफीत ओळखायची कशी? बोलणारा कोण, हे आधी पाहा. नाव, पदवी, दवाखाना किंवा महाविद्यालय सांगतो का? शेवटी काही विकतो का? तेल, चूर्ण, पट्टा, फोन नंबर आला की समजा. दिवस सांगून बरे करण्याची हमी देणारा कोणताही डॉक्टर खरा नव्हे, कारण कोणता रुग्ण किती सुधारेल हे पहिल्या आठवड्यात मोठ्या तज्ज्ञालाही सांगता येत नाही. 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा' असे ऐकू आले तर तिथेच बंद करा. आणि एक खूण अशी, की चांगला शिकवणारा काय करू नये हेही सांगतो, कोणत्या रुग्णाने हा व्यायाम करायचा नाही हे सांगतो. विकणाऱ्याचे औषध सर्वांना चालते.

एवढे करूनही चित्रफितीतला रुग्ण तो आपला रुग्ण नव्हे. म्हणून घरच्या माणसाने निदान एकदा फिजिओथेरपिस्टसमोर स्वतःच्या हाताने सारे करून दाखवावे. सुट्टीच्या दिवशी तासभर थांबून हे मागून घ्यावे, आणि त्यांच्या परवानगीने ते शिकवत असताना आपल्याच फोनवर चित्रण करावे. बाजारातल्या शंभर चित्रफितींपेक्षा ही एक मोलाची, कारण तिच्यात खाट आपली नसली तरी माणूस आपला असतो. पुढे अडले तर सरकारची 'ई-संजीवनी' सेवा आहे. २०१९ साली ती सुरू झाली आणि २०२० पासून लोकांना घरूनही डॉक्टरांचा सल्ला घेता येऊ लागला. फोनवर जमत नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावे. तिथून त्या डॉक्टरांशी जोडून देतात. रक्तदाब मोजायला तर तिथे जायचेच आहे. पुन्हा झटका येऊ नये म्हणून रक्तदाबाची गोळी, कमी मीठ आणि तंबाखू बंद, ह्याला पर्याय नाही. खर्रा हा तंबाखूच आहे. बुढा खाटेवर पडला आणि उशाशी खर्ऱ्याची पन्नी, असे दृश्य मी पाहिले आहे.

शेवटची अडचण फोनच्या मालकीची आहे, आणि ती सर्वांत अवघड. घरात फोन दोन-तीन असतात. मोठा फोन पोराच्या खिशात. तो सकाळी फडावर, दुपारी गावात, रात्री घरी. सेवा करते सून, नाही तर रुग्णाची म्हातारी बायको. तिच्याजवळ बटनांचा फोन, तोही कधी रिचार्ज नसलेला. पोरगा चित्रफीत पाहतो, सुनेला तोंडी सांगतो, आणि सांगताना अर्धे विसरतो. शिकणारे हात एक आणि करणारे हात दुसरे. एका घरी मी विचारले, "जेवण कसे द्यायचे ते पाहिले का?" पोरगा म्हणाला, "पाह्यलं ना, दोनदा." सून चुलीजवळून म्हणाली, "मले कोनं दाखवलं?" त्यावर पोरगा खाली पाहू लागला. तेव्हा बंधूंनो, दिवसातून अर्धा तास तरी मोठा फोन घरी राहू द्या, आणि त्या अर्ध्या तासात दुसरे काम तिला सांगू नका. जिला वाचता येत नाही तिलाही चित्रफीत समजते. बोलून शोधायची सोय आहे, ती एकदा दाखवून द्या. आणि तिने पाहिले की दुसऱ्या दिवशी तुम्हीही तिच्याकडून शिकून रात्रीची एक पाळी घ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे एकटीने किती रात्री जागायचे?

सेवा करणारीही माणूस आहे, हे लिहावे लागते ह्याचे वाईट वाटते. लकव्यानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला खिन्नतेचा आजार जडतो. तो रडतो, जेवत नाही, व्यायाम नको म्हणतो. आणि त्याच्याजवळ दिवसरात्र राहणारीही महिन्या-दोन महिन्यांनी तशीच होऊ लागते. त्याला आळस किंवा कुरकूर समजू नका. १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी मानसिक आरोग्याची सेवा २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, बोलणे मराठीत. त्याला बटनांचा फोनही पुरतो.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे काही सभासदांनी विचारले होते. अर्ज 'स्वावलंबन' ह्या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. सेवा केंद्रातून भरून घेता येतो, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लकवा झाल्याबरोबर ते मिळत नाही. किती सुधारणा होते हे पाहण्यासाठी काही महिने थांबावे लागते. तोवर सुट्टीचा कागद आणि ती मोठी फिल्म सांभाळून ठेवा. फिल्म उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, काळी पडते. सुट्टीच्या कागदाचा फोटो काढून मोबाईलमध्येही असू द्या.

रक्तदाबाचे यंत्र घरी आणले असेल तर ते कसे लावायचे आणि आकडे वहीत कसे लिहायचे, हे पुढच्या अंकात.